दोरवाल्यांचं चालू खातं

खरेदीवाला ट्रकातून खाली उतरलाच नाही. खिडकीतूनच म्हणाला, "पुढच्या खेपेपासून रोख बंद. चेक मिळेल, आणि तो धंद्याच्या चालू खात्यातच जमा होईल. त्या मोठ्या बँकेत काढा, आमचंही तिथंच आहे. खातं नसेल तर मला दुसरा दोरवाला बघावा लागेल." एवढं बोलून त्यानं काच वर केली. काच वर गेल्यावर माणूस बोलणार कोणाशी? भाऊजी दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन तसेच उभे, आणि मी मागं ट्रकाला शिव्या देत उभी. मनातल्या मनात. मोठ्यानं दिल्या असत्या तर उरलेलं एकुलतं गिऱ्हाईकही गेलं असतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचे हे होते तेव्हा दोर वळायचं चाक ते फिरवायचे आणि मी पेड ओढायचे. भाऊजी लागेल तसा हात लावायचे. हे गेल्यावर चाकावर भाऊजी आले, पेडावर मीच राहिले. नायलॉन आल्यापासून बाजारात आमच्या घायपाताच्या वाखाच्या दोराला कुत्रं विचारत नाही. ह्या खरेदीवाल्याच्या होड्यांवर मात्र अजून वाखाचाच दोर लागतो, ओल्या हातातून तो सटकत नाही म्हणे. हा गेला असता तर चाक मोडून सरपणात घालायचं, दुसरं काय.

घरी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या पाटावर बसून डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चालू खातं कशाला? आपलं बंद कधी पडलं होतं?"

"आई, धंद्याचं खातं असतं तसं," भाऊजी म्हणाले. "त्यात सारखी शिल्लक ठेवावी लागते. कमी पडली तर बँक दंड घेते."

"पैसे आपले, ठेवायचे आपण, आणि दंडही आपणच भरायचा?"

"हो."

"आणि बँक काय करणार?"

मला हसू आलं. आमच्याकडे आजवर आलेला पैसा सासूबाईंच्या पत्र्याच्या डब्यात पडायचा. ज्याला लागेल त्यानं सांगायचं आणि घ्यायचं. ह्यांच्या वेळेपासून तसंच. बँकेत काय काढायचं, असं मलाही वाटत होतं, उगाच खोटं कशाला बोलू. एकटी माझी धाकटी जाऊ म्हणाली, "चेकबुक असलं की चार माणसांत किंमत येते." तिला माणसांतली किंमत फार. पण ट्रकवाल्यापुढे आमचं काय चालणार होतं?

दुसऱ्या दिवशी पेड ओढताना भाऊजींनी विषय काढला. आमचं बोलणं म्हणजे ओरडणं असतं. ते एका टोकाला चाकापाशी, मी दुसऱ्या टोकाकडे निघालेली. कमरेला वाखाचा भारा, त्यातला चिमूटभर चाकाच्या आकड्याला अडकवलेला, आणि मी मागं मागं चालत जाते. बोटांतून वाख सुटत जातो, पीळ खात जातो. डोळे पेडावर, पाय पाठीकडे. वाटेतला दगड आधी टाचेला कळतो. बोटांची कातडी निबर झालीय तिथं वाखाची कुसळं शिरत नाहीत, म्हणून मग ती दोन बोटांच्या बेचक्यात शिरतात. रात्री भाकरी मोडताना कळतं कुठं कुठं शिरलीत.

"वहिनी, काढावंच लागेल," ते ओरडले.

"काय काढावं लागेल?"

"खातं."

"मग काढा."

"तुम्हीपण चला."

"मी कशाला?"

"मला एकट्याला तिथं बोलता येत नाही."

हे मात्र खरं होतं. भाऊजी घरात वाघ, बाहेर कोणी टाय घातलेला दिसला की त्यांच्या तोंडाला कुलूप. म्हणून गेले मी.

बँकेच्या काचेच्या दाराशी रखवालदार होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, जरा कपडे झाडून या. आत फरशी पुसलीय." मी बघितलं, तर कपड्यांना वाख चिकटलेला. भाऊजींच्या पाठीवरही तेवढाच होता, पण त्यांना कोणी काही बोललं नाही. मी पायरीवर उभी राहून स्वतःला झाडलं, येणारेजाणारे बघत होते. आत पंख्यांचा असा गारवा की झाडून आलेल्या अंगावर काटा आला. नंबराची चिठ्ठी घेऊन बसलो. आमचा नंबर येईपर्यंत भाऊजींनी ती चिठ्ठी घामानं ओली करून टाकली.

टेबलामागं एक तरुण बाई होती. बोलायला गोड. "बसा काका, बसा ताई. धंद्याचं नाव काय?"

"नाव असं काही नाही," मी म्हणाले. "लोक दोरवाले म्हणतात."

"बरं. मालक कोण?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

"ह्या मोठ्या आहेत," भाऊजी म्हणाले.

"बाहेरचं सगळं तेच बघतात," मी म्हणाले.

बाईनं पेन खाली ठेवलं. "एक मालक असेल तर खातं आठवडाभरात होईल. दोन असतील तर भागीदारी दाखवावी लागेल. करार, वकील, नोंदणी, दोघांचे कागद. दीड-दोन महिने धरून चाला. आणि धंद्याच्या जागेचा फोटो लागेल, त्यात नावाचा बोर्ड दिसला पाहिजे."

"आमची जागा म्हणजे झाडांमधली लांब पट्टी आहे," मी म्हणाले. "तिला दार नाही, भिंत नाही."

"मग बोर्ड कुठं लावता?"

"लावतच नाही."

"लावा," ती म्हणाली, आणि पुढचा नंबर पुकारला.

येताना बसमध्ये दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. मालक कोण हा प्रश्न त्या टेबलावरच राहिला. त्यांना वाटलं असेल वहिनी बोलतील, मला वाटलं भाऊजी बोलतील. आमच्या घरात असंच आहे. ताटातली शेवटची भाकरी दोघं एकमेकांकडे सरकवत बसतात आणि शेवटी ती वाळून जाते.

बोर्ड रंगवायला भाऊजी एकटेच गेले. मी मुद्दामच विचारलं नाही. म्हटलं, बघू ह्या माणसाच्या मनात काय आहे. दिवसभर माझं कामात चित्त नव्हतं, दोन पेड तुटले. संध्याकाळी ते पोत्यात गुंडाळलेला बोर्ड घेऊन आले आणि अंगणात उघडला. पिवळ्यावर लाल अक्षरं. वर आमच्या ह्यांचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि खाली 'दोर उद्योग'.

मला रडूच कोसळलं. ह्यांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात मी कधी बघितलं नव्हतं. भाऊजीही डोळे पुसत म्हणाले, "दुसऱ्या कोणाचं घालणार वहिनी? दोर दादाचाच." त्या वेळी मला वाटलं, असा दीर दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही.

जाऊ ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "गेलेल्या माणसाला बँक खातं देते का?"

"तुला काही कळतं का गं," असं मी तिच्यावर खेकसले. तिचं बरोबर होतं, म्हणून तर राग आला.

बोर्ड दोन खांबांवर ठोकला, शेजारच्या शिंप्याच्या फोनवर फोटो काढला, बँकेत पाठवला. दुसऱ्याच दिवशी बँकेचा साहेब जागा बघायला आला. मोटरसायकल, हेल्मेट, पायात चकचकीत बूट. आम्ही कामातच होतो. मी पट्टीच्या मधोमध, कमरेला भारा, हातात पेड. तो सोडता येत नाही, म्हणून मी तिथूनच मान हलवली. साहेब बोर्डासमोर उभा राहिला.

"हे कोण?"

"माझे मोठे भाऊ," भाऊजी म्हणाले.

"बोलवा त्यांना. सही त्यांचीच लागेल."

"ते वारले."

साहेबानं हेल्मेट काढलं. मग बोर्डाला बोट लावून बघितलं. बोटाला लाल रंग लागला.

"कधी वारले?"

"झाली की चार वर्षं."

"आणि बोर्ड आत्ता केलात? त्यांच्या नावानं?"

"हो."

"अहो, वारलेल्या माणसाच्या नावानं मी खातं कसं काढू?" तो हसायला लागला. वाईट नव्हता माणूस, त्याला खरंच हसू आवरेना. "इतकी वर्षं नोकरी केली, पण असा बोर्ड नाही बघितला. बरं, ते जाऊ द्या. आत्ता धंदा कोण करतं?"

"मी," भाऊजी म्हणाले.

पटकन म्हणाले. बँकेतल्या बाईपुढे जे तोंडातून निघत नव्हतं ते घसरून पडावं तसं निघालं. साहेबानं माझ्याकडे बोट केलं.

"आणि ह्या?"

"ह्या आमच्या वहिनी. मदत करतात."

मदत. माझ्या हातात पेड होता, बोटांच्या बेचक्यातून रक्त येत होतं, आणि मी मदत करत होते. शेजारीण वाटीभर साखर देते तिला मदत म्हणतात. लग्न होऊन आले त्याच्या चौथ्या दिवशी ह्यांनी माझ्या कमरेला भारा बांधला होता, तेव्हा हे भाऊजी शाळेत जात होते. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पण हातातला पेड सोडता येत नव्हता, म्हणून तशीच मागं मागं चालत गेले, लांब, साहेब गेल्याचा आवाज येईपर्यंत.

साहेब जाताना एक कागद ठेवून गेला. बोर्डावर ह्यांचं नाव लागलं होतं, म्हणून आता ह्यांच्या बायकोनं लिहून द्यायचं होतं, की धंदा एकट्या दिराचा आहे आणि माझी काही हरकत नाही. खाली माझी सही. तेवढं केलं की आठवड्यात खातं. म्हणजे बोर्ड लावला ह्यांच्या मानासाठी, आणि त्या बोर्डापायी मीच लिहून द्यायचं, की माझं ह्यात काही नाही.

मी कागद डब्याखाली ठेवला आणि सही केली नाही.

सासूबाईंनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "एक सही तर आहे. तुझं काय जातंय?"

"तेच लिहून मागतायत आई. माझं काही जात नाही, कारण माझं काही नाहीच."

"घर काय वेगळं झालंय का आपलं?"

"नाही ना झालं? मग कागदावर का करायचं?"

भाऊजी जेवत होते. घास ताटात टाकून म्हणाले, "वहिनी, मी काय तुम्हाला बाहेर काढतोय? ट्रक येईल चार दिवसांत. आठवड्यात खातं होतंय म्हटलं तर तो थांबेल. दोन नावं घालायची म्हटलं तर दोन महिने जातील, तोवर तो दुसरीकडून माल उचलेल. मग बसा दोघं मालक म्हणून, त्या बोर्डाखाली. काय विकणार आहात?"

त्यांचंही खोटं नव्हतं. तीच तर कटकट होती. माणूस सरळसरळ वाईट असला की भांडायला बरं पडतं.

"पैसा पहिल्यासारखाच आईच्या डब्यात येईल," ते म्हणाले.

"येणार नाही. तुमच्या खात्यात येईल. डब्यातून मी सांगून घेते. खात्यातून मागून घ्यावं लागेल, तुम्ही सही केलीत तर मिळेल."

"माझ्यावर एवढाही भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे. उद्या तुम्ही नसलात तर?"

जावेनं भांडं आदळलं. "असलं अभद्र बोलू नका."

"मी ते बघून बसलेय," मी म्हणाले. भाऊजी अर्ध्या जेवणावरून उठले.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी दोर वळायचा होता. तीन पेड तयार होते. वळायचं म्हणजे तिन्ही पेड ताणून बांधायचे, मधे खाचांचा लाकडी ठोकळा घालायचा आणि चाक फिरत असताना तो ठोकळा हातात दाबून धरत पुढं सरकायचं. आपल्या मागं दोर तयार होत येतो. ठोकळा धरणारा मधेच थांबला किंवा सोडून गेला, की पीळ पळतो, तिन्ही पेड एकमेकांत गुंततात आणि तेवढा माल वाया. ठोकळा नेहमी माझ्याकडे. ऊन चांगलंच चढलं होतं. कोपरापर्यंत हात भरून आले होते. निम्म्यावर आलो तेव्हा भाऊजी चाकावरून ओरडले, "वहिनी, सही केलीत का?"

"नाही."

"उद्या ट्रक आहे."

"माहितीय." मी ठोकळा रेटत म्हणाले, "सही केल्यावर मला काय देणार?"

मी रागानं विचारलं होतं. त्यांनी रागवावं, काय बोलताय वहिनी, म्हणावं, असंच माझ्या मनात होतं. पण भाऊजींनी चाक जरा हळू केलं आणि महिन्याचा एक आकडा सांगितला. गावात रोजानं भारे वाहणाऱ्या बाईला मिळतो त्याहून थोडा जास्त. "जेवण धरून," ते म्हणाले. "आम्ही दोघांनी बोलून ठेवलंय. तुम्हाला कमी पडणार नाही."

बोलून ठेवलंय.

म्हणजे माझी किंमत करून झाली होती. नवराबायकोनं बसून, विचार करून, वर थोडं जास्तच घालून. त्यात त्यांना काही वावगंही वाटलं नव्हतं, आवाजात मायाच होती. त्या मायेनंच माझं डोकं फिरलं. मी ठोकळा पेडांतून काढला आणि जमिनीवर ठेवला. पेडांनी एकमेकांना असा विळखा घातला की दोरभर नुसत्या आट्या उठल्या.

"वहिनी," भाऊजी ओरडले, "दोर अर्धा आहे."

"मालकाला सांगा," मी म्हणाले, आणि घराकडे चालायला लागले.

पायरीवर बसले. माल वाया घालवल्याचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. वाख मीच सोलला होता, मीच विंचरला होता. पण उठून परत जावं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

तिथून पट्टी दिसत होती. भाऊजींनी ठोकळा उचलला, पेडांत घालून बघितला. मग चाकाकडे पळाले. चाकाला हात लावावा तर ठोकळा पडतो, ठोकळा धरावा तर चाक थांबतं. मग त्यांनी बायकोला हाक मारली. ती गेली, तिनं ठोकळा धरला, चाकाचे दोन फेरे झाले आणि तो तिच्या हातातून निसटून तिच्या गुडघ्यावर बसला. ती लंगडत घरात आली, माझ्याकडे न बघता आत गेली. भाऊजी बराच वेळ त्या आट्या पडलेल्या दोराजवळ उन्हात उभे होते.

मग आले आणि पायरीच्या खाली, जमिनीवरच बसले. अंगभर वाख. पाणी मागितलं नाही, मीही दिलं नाही.

"उद्या त्याला काय देऊ?" ते म्हणाले.

"जेवढा झालाय तेवढा द्या."

"चेक घेऊन तो भरू कुठं?"

"चेक घेऊ नका. पैसे दोन महिन्यांनी द्या म्हणावं. वाखाचा दोर त्याला दुसरं कोण देतंय?"

"नाही म्हणाला तर?"

"तर नाही म्हणेल." मला तरी काय माहीत होतं? "मग दोघं मिळून उपाशी राहू. पण मी ते लिहून देणार नाही, भाऊजी. जन्मात नाही."

ते नखानं बेचक्यातलं कुसळ काढत बसले. त्यांनाही तिथंच जातं, हे मी तेव्हा बघितलं.

"त्या बाईंनी वकील म्हटलं होतं ना?" ते म्हणाले.

"करार म्हटलं होतं. वकील, नोंदणी, सगळं."

"मग परवा जाऊ. तुम्ही बोला त्यांच्याशी."

"मी नाही बोलणार. मी नुसती शेजारी बसणार. मालक कोण, असं तिनं विचारलं की तुम्ही सांगायचं."

"सांगीन."

"काय सांगाल?"

"सांगीन की तेव्हा."

"आत्ता म्हणून दाखवा."

भाऊजींनी आत बघितलं. आत जाऊ गुडघ्याला तेल चोळत होती, तिचा हात थांबला होता. सासूबाई दाराआड होत्या, त्यांची सावली दिसत होती. भाऊजी जमिनीकडे बघत पुटपुटले, "दोर आम्ही दोघं करतो."

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले. "बँकेत पंखे फार असतात."

त्यांचे कान लाल झाले. मान वर करून, चाकावरून ओरडतात तसं ते म्हणाले, "दोर आम्ही दोघं करतो. मी आणि वहिनी."

मग मी उठले आणि त्यांना पाणी आणून दिलं.